कोन बिघडला तरी येणाऱ्या जोड्या

ग्वाल्हेरला पीएचडी करत होते, तेव्हाची गोष्ट. माझ्या मार्गदर्शक मॅडम निवृत्तीला आल्या होत्या. आम्हाला प्रकाशकणांच्या जोड्या तयार करायच्या होत्या. त्यासाठी जांभळ्या लेसरचा झोत एका खास स्फटिकातून सोडायचा. जवळजवळ सगळे कण तसेच आरपार जातात. कोट्यवधींतला एखादाच आत फुटतो आणि त्याच्या जागी कमी ऊर्जेचे दोन कण जन्मतात, एकमेकांत गुंतलेले. ते टिपायला दोन बाजूंना दोन शोधक यंत्रं. दोन्हींनी एकाच क्षणी नोंद केली, तर जोडी मिळाली म्हणायचं.

दोन वर्षं काही हाती लागलं नाही. मग एके दिवशी जोड्यांचे आकडे यायला लागले. मॅडमनी उत्साहाने ते दाखवायला पुढच्या सोमवारी बाहेरचे तीन प्राध्यापक बोलावले.

शनिवारी दुपारी मी सहज स्फटिक जरा फिरवून पाहिला. जोड्या ठरावीक कोनातच बनतात. कोन बिघडला की आकडा पडायला हवा. तो हललाच नाही. दोन्ही यंत्रांच्या तारा खेटून गेल्या होत्या. त्या लांब केल्या, तर आकडा शून्यापाशी आला. म्हणजे एका तारेतला सिग्नल दुसरीत उतरत होता. प्रकाशाच्या जोड्या नव्हत्याच.

मी तारा होत्या तशा परत ठेवल्या आणि शेअर टेम्पोने शिंदे की छावनी भागातल्या घरी आले. मॅडमना फोन केला नाही. रविवारीही नाही. सोमवारी त्या पाहुण्यांना आलेख समजावत होत्या, आणि मी शेजारी उभी राहून मान हलवत होते.

पाहुणे गेल्यावर सांगितलं.

"कधी कळलं तुला?"

"शनिवारी."

त्या स्टुलावर बसल्या. "बता देतीं तो क्या हो जाता?" एवढंच म्हणाल्या.

तिघांनाही त्यांनी स्वतः पत्र लिहिलं: "निष्कर्ष चुकीचा होता, तपासणीत माझी कसूर झाली." माझा उल्लेखही केला नाही.

पुढे तारा बदलल्या, स्फटिक नव्याने बसवला. खऱ्या जोड्या मिळाल्या, अगदी थोड्या. त्या पाहायला मॅडमनी कुणाला बोलावलं नाही. पूर्वी त्या माझ्या वहीवर न बघता सही करायच्या. निवृत्त होईपर्यंत मग प्रत्येक आकडा बोट ठेवून वाचायच्या, आणि मी समोर उभी असायची.