बूट बाहेर, माणूस आत

फोन आला तेव्हा मी कुवेतच्या अबू हलीफा भागातल्या माझ्या घरी नाश्त्याला बसलो होतो. प्लँटमधला सहकारी एवढंच म्हणाला, "सामंतसाब नहीं रहे... साइटपर गिर गए." मी त्याच्यावरच खेकसलो. आखाती युद्धानंतर कुवेतला परतलो तेव्हापासूनचा माझा हा शेजारी आदल्या संध्याकाळीच माझ्याकडे चहा पिऊन, वर पुणेरी चहाला नावं ठेवून गेला होता. असा माणूस मरतो होय? अनवाणीच जिना उतरलो. आमच्या खालचाच फ्लॅट त्याचा. दाराबाहेर त्याचे तपकिरी बूट नीट जोडून ठेवलेले दिसले आणि माझा जीव भांड्यात पडला.

त्याला कारण होतं. माझा मुलगा न्यूझीलंडला शिकायला होता, म्हणून मागे आम्ही दोन्ही जोडपी तिकडे फिरून आलो. तिथे एक जुनं गॉथिक चर्च पाहिलं, सगळंच्या सगळं लाकडाचं. खांब, टोकदार कमानी, उंच छप्परसुद्धा. फोटो काढून बाहेर आलो, तर सामंत गायब! बायका घाबरल्या. मी पायरीशी पाहिलं, तर हेच बूट जोडून ठेवलेले. देवाचं दार म्हणून हा गडी सवयीने बूट काढून मोज्यांवर आत गेला होता आणि येणारेजाणारे गोरे त्या बुटांना वळसा घालून चालले होते.

आत तो शेवटच्या बाकावर मान वर करून बसलेला. "अरे सामंता, आम्ही शोधतोय तुला!"

"बूट भायर आसत ना? मगे माणूस भितरच आसतलो," तो म्हणाला. हसला मात्र नाही. "गावच्या देवळाचा मंडप असाच लाकडी होता रे. आम्ही पाडला. स्लॅबचं ड्रॉइंग मीच कुवेतहून पाठवलं. सत्कार केला लोकांनी माझा..." त्याचे डोळे भरून आले होते. "रिटायर झालो की पुन्हा लाकडाचा उभा करीन. बघच तू."

यंदा तो कायमचा परत जाणार होता. सुतारसुद्धा ठरवून ठेवला होता त्याने. आता कसला मंडप आणि कसलं काय...

तर त्या सकाळी मी निर्धास्त बेल वाजवली. चार शिव्या तयार होत्या. दार वहिनींनी उघडलं, हात कणकेचे.

"सामंत आहे ना?"

"हे पहाटेच ड्युटीवर गेले की. नवे सेफ्टी शूज मिळालेत ना, हौसेने घरूनच घालून गेले."

त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. ते मला सांगावं लागलं.

वहिनी आता गावी आहेत. परवा इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, झाडताना ते बूट उचलायला गेला, तर मी त्याच्यावर ओरडलोच. बिचारा दचकला. जाता-येता ते दिसतात आणि दर वेळी वाटतं, आहे, आतच आहे.