शमीमच्या परसातला मंगळ

दिवाळी नुकतीच आटपली होती आणि इस्लामपुरात शमीमच्या परसात आम्ही दोघी मंगळ थापत बसलो होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट...

शमीम माझी कॉम्प्युटर क्लासमधली मैत्रीण. क्लासच्या एका कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सिम्युलेटर होता आणि त्यात आपल्याला हवी ती जमीन तयार करता यायची. बाकीची मुलं मुंबईच्या विमानतळावर उतरायला धडपडत असताना ही बाई म्हणाली, "आपण मंगळावर उडवू."

त्यासाठी जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाची उंची आणि रंग टाइप करावा लागायचा. आमच्याकडे होता मासिकातला एक फोटो. फोटोत डोंगर-दऱ्या दिसतात, पण उंची कुठून आणायची? मी तर हातच टेकले.

शमीम म्हणाली, "दिवाळीत किल्ला करतो तसा मंगळ करू की गं. मग मोजू."

गल्लीत पोरांनी केलेल्या किल्ल्यांची माती पडूनच होती. ती घमेल्यानं वाहून आणली. खाली दगड आणि पोती, वर चिखलाचा लेप... फोटोत बघून दरी कोरली, ज्वालामुखीला मुठीनं खड्डा पाडला. वाळलं की वरून दोऱ्या ताणून चौकोन पाडायचे आणि दोरीपासून मातीपर्यंतचं अंतर स्वेटरच्या सुईनं मोजायचं, असा तिचा बेत. त्या डोक्याला मी आजही मनातल्या मनात नमस्कार करते!

सांगलीच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही हा मंगळ दाखवणार होतो आणि तिचं सगळं यावरच अवलंबून होतं. तिला कॉम्प्युटर शिकायला पुण्याला जायचं होतं. तिच्या अब्बांचं गाद्यांचं दुकान होतं, बोलणं अगदी मोजकं. ते म्हणाले होते, "सांगलीच्या प्रदर्शनात काय करतीस ते डोळ्यानं बघतो. मग पुण्याचं ठरवू."

लेप वाळेपर्यंत आम्ही परीक्षेत अडकलो. पेपर संपवून परसात गेलो तर... मंगळ हिरवागार! निम्म्या भागावर अळीव तरारला होता आणि ज्वालामुखी एका बाजूनं खचला होता.

मागे अब्बा तांब्या घेऊन उभे. गल्लीतल्या प्रत्येक किल्ल्यावर अळीव पेरायचा मान दरवर्षी त्यांचाच असायचा.

"लय भेगा पडल्या व्हत्या, म्हणून रोज पानी मारलं," ते म्हणाले. "किल्ला बोडका बरा दिसत न्हाई." मग आमची तोंडं बघून हळूच विचारलं, "बिगाडलं का गं काय?"

मला रडूच यायचं बाकी होतं. शमीम मात्र खाली बसली, त्या कोवळ्या अळिवावरून हात फिरवला आणि म्हणाली, "न्हाई अब्बा. लय झ्याक झालंय."

ज्वालामुखी तिनं पुन्हा लिंपला. मला वाटलं, आता अळीवही उपटेल. नाही उपटला! पाती बाजूला सारत मोजत गेली आणि त्या चौकोनांना रंगही हिरवाच दिला. मी भांडले, परीक्षक हसतील म्हटलं, हातातलं पुणं जाईल म्हटलं. ऐकेल तर शपथ.

सांगलीत आमच्या टेबलाभोवती ही गर्दी. तांबूस आभाळ, खाली लाल दऱ्या... विमान ज्वालामुखीच्या तोंडावरून वळलं तेव्हा बघणारे आणखी पुढे सरकले. गर्दीत मागे अब्बाही उभे होते. आणि मग डोंगर ओलांडून विमान त्या हिरव्यावर आलं.

परीक्षक सर पुढे वाकले. "मंगळावर हिरवळ कशी काय?"

शमीमनं स्क्रीनवरची नजर न काढता सांगितलं, "सर, तिथं आमचे अब्बा जाऊन आलेत."

सगळे हसले. मी मागे वळून पाहिलं तर अब्बा रुमालानं डोळे टिपत होते.

नंबर काही आला नाही. परतताना एसटीत शमीम खिडकीशी मान खाली घालून बसली होती. अब्बांना पुण्याचं विचारायचा आम्हाला धीर होईना. अर्धा रस्ता सरल्यावर तेच म्हणाले, "पुण्यात हॉस्टेलला परस असतंय का गं?"

शमीम गेली पुण्याला... आणि तिथलीच झाली. मंगळावर पाण्याच्या खुणा सापडल्याची बातमी आली की अजूनही तिचा फोन येतो. आम्हा दोघींना त्यात नवल काहीच वाटत नाही. ते पाणी कुणी मारलं, हे आम्हाला पहिल्यापासून ठाऊक आहे.