पंच्याऐंशी मीटर पाणी

खाडीचं पाणी चढल्याचा इशारा द्यायला हौसाने घरावर बसवलेला भोंगा भर दुपारी वाजला आणि वडखळपलीकडच्या खारजमिनीतलं सगळं गाव बांधावर धावलं. खाडीचा बांध फुटायला आला की घरटी एक माणूस फावडं घेऊन निघतो, हा तिथला रिवाज. कुणी पानावरून उठला, कुणी अर्धी दाढी तशीच ठेवून. पाहतात तो ओहोटी. खेकडे खुशाल ऊन खात पडलेले.

शेजारच्या नाथाकाकाने तिच्या मोबाइलवरचा आकडा मोठ्याने वाचला. "पंच्याऐंशी मीटर. म्हणजे पाणी देवळाच्या कळसावरून चाललंय गो. आपण कवाच बुडालोय."

गाव पोट धरून हसलं. पण जाताना पंचांनी बजावलं, पुनवेच्या उधाणाला यंत्र चुकलं तर उपटून टाकू. पेणची नोकरी सांभाळून हौसाने दोन वर्षांचे रविवार त्यात घातले होते.

चूक सापडली, पण इलाज सुचेना. बांधावरचं यंत्र दर मिनिटाला पाण्याची उंची एका ओळीत पाठवी. मजकूर काही ओळीओळीने येत नाही, येईल तसा तुकड्यांत येतो, आणि हौसाबाईंचा प्रोग्राम प्रत्येक तुकडा पुरा समजून वाचत होता. '१.८५' मधला '१.' एका तुकड्याच्या शेवटी अडकला, '८५' पुढच्यात गेला. तिने तुकडे मोठे करून पाहिले. चूक तीच, फक्त उशिरा आली.

ओट्यावर तिची आई बायजा गिरणीला द्यायचं भात पायलीने मापत होती. टोपली संपली तेव्हा पायली अर्धीच भरली होती. बायजाने ती ना ओतली, ना मोजली. दुसरी टोपली तिच्यावरच ओतायला घेतली.

"आये, ही अर्धी मोजली नाय ती?"

"भरल्याबिगर कशी मोजू? ऱ्हाऊ दे तशीच. पुढलं येतंय ना."

हौसा उठून लॅपटॉपकडे पळालीच. उरलेला अर्धा तुकडा राखायचा, पुढचा आला की त्याला जोडायचा, ओळ संपल्याची खूण दिसली तरच आकडा वाचायचा. सगळं मिळून सहा ओळींचं काम.

आठ दिवसांनी, पुनवेला, दुपारी बाराच्या सुमाराला भोंगा वाजला. कुणी जागचं हललं नाही. नाथाकाका तेवढा चेष्टा करायला बांधावर गेला आणि तिथूनच ओरडत सुटला. पाणी बांधाच्या माथ्याला वीतभर कमी, एका जागी माती खचलेली. घरटी माणूस आला, तासाभरात खिंडार बुजलं. भातशेतात थेंब शिरला नाही.

संध्याकाळी नाथाकाका शिडी घेऊन हौसाकडे आला आणि भोंग्याचं तोंड आपल्या घराकडे वळवून गेला. म्हणे, हल्ली ऐकू कमी येतं.