मोटारीला लागलेलं कुंकू

माझा थोरला भाऊ दामोदर, आमचा अण्णा, इतका गरीब स्वभावाचा की त्याच्या वाट्याचा रागसुद्धा दुसऱ्यालाच करावा लागायचा. तो मी आजतागायत करते आहे.

अण्णा बेंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात ट्रेसर होता. दुसऱ्याने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कापड ताणायचं आणि खालच्या रेघा शाईने गिरवायच्या, हे त्याचं काम. वर्षानुवर्षं गिरवून त्याच्या डोळ्यांची वाट लागली होती. चामराजपेटेतल्या घरी आला की चहाच्या आधी डोळ्यांवर ओला पंचा ठेवून पडायचा. त्या टेबलावरून सुटायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे मॉडेल रूम. तिथे यंत्रांच्या लहान प्रतिकृती बनवून रंगवत. डोळ्यांपेक्षा हातांचं काम. अण्णाने तिथे जाण्यासाठी दोनदा अर्ज केला होता, आणि दोन्हीदा साहेब ‘बघू’ म्हणाले होते.

साहेब म्हणजे अप्पासाहेब, मूळचे पुण्याचे. चौसष्ट साली ते विलायतेला जाऊन आले आणि येताना एक खोका घेऊन आले. त्यात प्लास्टिकचे सुटे भाग होते. ते जोडले की हातात मावेल एवढी मोटार व्हायची. तेव्हा इथे असलं काही कुणी पाहिलंही नव्हतं. साहेबांनी खोका अण्णापुढे ठेवला.

“दामोदर, ही जोड आणि फवाऱ्याने रंगव. ब्रशची एक रेघ दिसता कामा नये. दसऱ्यानंतर परदेशी पाहुणे येतायत, तेव्हा माझ्या टेबलावर हवी. जमलं, तर तुला मॉडेल रूममध्ये घेतलंच समज.”

अण्णाला फवाऱ्याने रंग मारण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्या दिवशी तो पंचा न ठेवता चहाला बसला.

सुरुवात झाली डास मारायच्या फ्लिटच्या पंपाने. घरात फवारणारी तेवढी एकच वस्तू होती. पंपात रंग भरून त्याने वहिनीच्या रिकाम्या डब्यावर मारला, तर डब्याला देवी आल्यासारखे ठिपके उठले. पंपातलं जुनं औषध रंगात उतरलं होतं. मग तो जयचामराजेंद्र रस्त्यावरच्या कृष्णाजीच्या गॅरेजात गेला. कृष्णाजी बेळगावकडचा, मोटारींना रंग देणारा, तोंडाचा फटकळ. रविवारी हवेचा कॉम्प्रेसर मोकळा असायचा, त्यावर रंग फवारायची लहान गन लावून द्यायला तो कसाबसा तयार झाला.

“अरे, मोटार रंगवायलास की आंघोळ घालायलास? स्वल्प लांब धर की!” कृष्णाजी ओरडायचा.

अण्णा शिकला. गन मोटारीच्या अलीकडे, हवेतच सुरू करायची, हात न थांबवता पुढे न्यायचा आणि मोटार संपल्यावर बंद करायची. मध्येच थांबलं की रंग ओघळतो. एका दमात जाड थर द्यायचा नाही, पातळ द्यायचा आणि वाळू द्यायचा. शिकायला डबे लागत, म्हणून वहिनीच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे एकेक करून हस्तिदंती झाले. चहा कुठला, साखर कुठली, काही कळेना. प्रमोदिनीवहिनी कपाळावर हात मारून म्हणायची, “आता मलाही एक हात मारा, म्हणजे सुटले!” आणि हसायची. त्या घरात तेवढं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही.

कृष्णाजीकडचा रंग लोखंडासाठीचा. मोटारीचे भाग ज्या चौकटीतून तोडून काढले होते, तिच्यावर अण्णाने तो मारून पाहिला, तर प्लास्टिक विरघळून वाकडं झालं. नशीब, मोटारीवर नाही मारला. तेव्हा तेलाचा रंग टर्पेंटाइनने पातळ करून वापरायचं ठरलं. तो प्लास्टिकला खात नाही, पण वाळायला सावकाश. त्यातून बेंगळूरची ती भाद्रपदातली झिमझिम. पहिला हात ओघळला. दुसऱ्यावर धूळ बसली. तिसऱ्याच्या वेळी अण्णाने गॅरेजाचा कोपरा पाणी शिंपडून ओला केला, श्वास धरला आणि रंग मारला.

तो जमला. मोटार घरी आणली तेव्हा तिच्या टपात खिडकीचे गज दिसत होते. शेजारपाजारचे येऊन बघून गेले. “वरून वाळलाय, आतून अजून कच्चा आहे,” अण्णा प्रत्येकाला बजावत होता. “हात नका लावू.” आईने तिच्यावर ताटझाकणी ठेवली आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर पहारा केला.

पण साहेबांचा निरोप आला, आयुधपूजेला मोटार घेऊन ये, सगळ्यांना बघू दे. आपल्या खंडेनवमीचा तो दिवस. इथल्या कारखान्यांत त्याचं केवढं प्रस्थ! यंत्रं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घालतात, कोहळा फोडतात, चुरमुरे वाटतात, आणि मोठे साहेब स्वतःच्या हाताने प्रत्येक हत्याराला हळदकुंकू लावतात. अण्णाने मोटार टेबलाच्या टोकाला, हत्यारांपासून लांब ठेवली.

अप्पासाहेब वाटी घेऊन निघाले. हातोडी, करवत, कंपास, फूटपट्टी. ओल्या कुंकवात बोट बुडवायचं आणि टेकवायचं. त्या ओघात ते मोटारीपाशी आले. अण्णा अगदी शेजारी उभा होता. त्याच्या ओठांवर शब्द आले होते, हे त्याने स्वतः मला सांगितलं. पण पूजेत साहेबांचा हात धरायचा? लावायला आलेल्या कुंकवाला नको म्हणायचं? आमच्यात ते कुणी म्हणत नाही. साहेबांनी मोटारीच्या बॉनेटवर बोट चांगलं दाबून टेकवलं. त्याच बोटाने अण्णाच्या कपाळावर टिळा लावला आणि म्हणाले, “छान जमलीय हं.”

पाहुणे आले त्या सकाळी साहेबांनी शिपायाकडून कुंकू पुसून घेतलं. कुंकवाबरोबर कच्चा रंगही निघाला. बॉनेटवर बोटाएवढा खड्डा पडला, त्याच्या कडेला लाल डाग. साहेबांनी अण्णाला बोलावलं.

“हा रंग? साधं कुंकू सोसत नाही? मॉडेल रूमचं काम म्हणजे डबे रंगवणं नव्हे, दामोदर.”

पूजेच्या वेळी खोलीतल्या सगळ्यांनी ते बोट पाहिलं होतं. एकही जण बोलला नाही. अण्णाही बोलला नाही. साहेबांना खरोखरच आठवत नव्हतं, असं तो म्हणतो. मला ते पटत नाही, आणि पटलं तरी माझा राग कमी होत नाही. त्यांनी मोटार परत दिली, “मुलांना खेळायला होईल” म्हणून. अण्णाला मुलं नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं.

मॉडेल रूममध्ये दुसरा माणूस गेला. अण्णा गिरवत राहिला, डोळ्यांनी साफ जवाब देईपर्यंत. मी त्याला विचारायची, “अण्णा, तुला तोंड नव्हतं का रे?” तो म्हणायचा, “त्या वेळी काय बोलणार गं?”

मोटार अजून फडताळात आहे. खंडेनवमीला वहिनी घरातल्या सगळ्या वस्तूंना कुंकू लावते, विळीपासून शिवणयंत्रापर्यंत. ती फडताळाशी पोचली की अण्णा आवाजावरून ओळखतो. दिसत तर नाही.

“तिला नको,” तो म्हणतो. आता म्हणतो.