सुनीतानं सांगितलेली अक्षरं

सुनीता गेल्याचं कळलं तेव्हा मी डेअरीतच होतो. तिच्या आईचा, काकूंचा फोन आला. त्या रडत नव्हत्या. "झालं रे," एवढंच म्हणाल्या... त्याला आता दीड महिना होईल. पण त्याआधीच्या एका सकाळचा एक तास माझ्या छातीवरून उतरत नाही.

सुनीता माझी चुलत बहीण. धारूरजवळ डोंगरकडेला आमचं गाव. तिचे आईवडील दर साली ऊसतोडीला जायचे, आणि ती आमच्या घरी राहून शिकली. पुढं पुण्यात इंजिनियर झाली. गावच्या सहकारी डेअरीत दूध गार ठेवायची टाकी आली, तेव्हा तिचा कंट्रोल बोर्ड सुनीतानंच बसवला. मी डेअरीचा सचिव, पण मला त्यातलं ओ की ठो कळेना. ती हसून म्हणाली होती, "दादा, बोर्डाला काय काय जोडलंय, हे त्याला आपसूक कळत न्हाई. एका फाइलीत लिहून द्यावं लागतं, कुठल्या कंपनीचं, कुठलं यंत्र, कुठं बसवलंय. नव्या सुनेचं नाव रेशनकार्डावर चढवत्यात ना, तसं."

यंदाच्या दुष्काळात उसाला पाणीच नव्हतं, त्यामुळं तोडणीच्या टोळ्या अर्ध्यातूनच परतल्या. घरोघरी दुधाचाच काय तो आधार उरला. त्यातच टाकीचा तापमापक जळाला. तसाच मिळाला नाही म्हणून दुसऱ्या कंपनीचा बसवला, तर बोर्ड त्याला ओळखेना. तापमान कळल्याशिवाय टाकी चालू होत नव्हती, आणि हातानं चालू करायची सोय नव्हती. सलग दोन दिवस दूध नासलं. जनावरांच्या छावणीवरून कॅन डोक्यावर आणणाऱ्या बायांसमोर मी ते ओढ्यात ओतलं. त्या रिकामे कॅन उचलून परत छावणीकडं निघाल्या, तेच सोसवेना.

सुनीता तेव्हा बीडच्या दवाखान्यात होती. दोन्ही किडन्या गेलेल्या. मला ठाऊक होतं. तरी तिसऱ्या दिवशी सकाळी मी फोन लावला.

"बाबा, तिला बोलवत न्हाई रं," काकू म्हणाल्या. मागून सुनीताचा आवाज आला, "दे आई इकडं."

नव्या तापमापकाचं नाव चढवायला मी कॉम्प्युटरवर ती फाइल उघडली. धापा टाकत ती एकेक अक्षर सांगू लागली. "कंपनीचं नाव... मग स्वल्पविराम... मग नंबर. मधी जागा सोडू नको." मी जागा सोडली होती. बोर्ड बंद, पुन्हा चालू. पुन्हा चूक. "आता पुरं कर, माय," काकू विनवत होत्या. सुनीता म्हणाली, "एकच अक्षर चुकतंय गं."

तासाभरानं पडद्यावर तापमान उमटलं, टाकी घरघरली. मी आनंदानं ओरडलो. तिकडं काकू तिला हाका मारत होत्या. त्यानंतर ती शुद्धीवर आलीच नाही. लेकीशी बोलायचा काकूंचा शेवटचा तास मी टाकीसाठी घेतला.

परवा काकू डेअरीत आल्या. "तिनं सांगितलेलं दाव," म्हणाल्या. मी त्या ओळी दाखवल्या. त्यांना वाचता येत नाही.

"यात तिचं नाव कुठंय?"

"न्हाई, काकू."

मग मी त्याच ओळींच्या वर तिचं नाव लिहिलं. नावाआधी एक खूण टाकली; अशी खूण असलेली ओळ बोर्ड वाचत नाही, सोडून देतो. काकूंनी विचारलं, "कुठं?" मी त्यांचं बोट धरून पडद्यावर ठेवलं... बाहेर कॅनांची रांग लागली, तरी त्यांनी बोट उचललं नाही.