थांबामिस्त्रींचं कारंजं

त्यांना सगळे थांबामिस्त्री म्हणायचे. स्लॅब टाकला की मालकाला टेकू काढायची घाई, आणि हे आपले वर ओलं गोणपाट अंथरून, हातात पाण्याचा पाइप धरून उभे! "थांबा. काँक्रीट कुणाच्या घाईला भीक घालत नाही." मालक चरफडायचे, पाठीमागे टिंगल करायचे. पण मिस्त्रींनी बांधलेल्या एका तरी घराला ओल आली असेल, तर शपथ. ना वाळवी, ना तडा. माणूस हट्टी खरा, पण काम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

स्वतःचं घरही त्यांनी तसंच बांधलं. त्याआधी पत्र्याच्या खोलीत, गळतीखाली भांडी मांडता मांडता बायकोचा अर्धा संसार गेला होता. नव्या घराच्या स्लॅबला तिनेच पदर खोचून सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. पावसाळा आला, तशी छताकडे बघत म्हणाली, "अहो, आता ही भांडी नुसती स्वयंपाकालाच का?" एवढंच काय ते तिचं कौतुक.

ती बाई आता मागच्या खोलीत खिडकीशी पडून होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. जन्मात काही मागितलं नाही तिने, आणि एक दिवस म्हणाली, "लोकांच्या बागांत एवढी कारंजी बांधलीत. माझ्या खिडकीखाली एक बांधा की. पाण्याचा आवाज ऐकत पडेन."

"प्लास्टिकचं तयार कुंड मिळतं, बाबा. आजच्या आज सुरू होईल," लेक म्हणाली.

"एका उन्हाळ्यात तडकेल ते. तुझ्या आईला तकलादू देऊ?"

मिस्त्रींनी खड्डा खणला, सळ्या बांधल्या, फुलझाडांच्या वळणाने गोलसर कुंड ओतलं आणि पाणी पडायला मध्ये एक पायरी केली. वर गोणपाट घातलं. झालं, आता थांबायचं.

पण दुखणं थांबेना. तिचं अन्न सुटलं. लेकीने अंगणात बापाला गाठलं. "बाबा, पंप लावा आज. आईजवळ वेळ नाही."

"कच्चं आहे अजून. भरलं आणि गळलं तर?"

"गळू दे! साऱ्या जगाला थांबा म्हणालात ना? मग जा, मरणालाही म्हणा!"

खरंच होतं ते. रोजच्या सवयीने मिस्त्रींनी बादली घेतली आणि गोणपाटावर मगाने पाणी ओतलं.

खिडकीतून क्षीण आवाज आला. "सुरू झालं वाटतं कारंजं?"

कामाच्या बाबतीत हा माणूस कधी खोटं बोललेला नव्हता. हातातला मग तसाच राहिला.

"हो गं," ते म्हणाले. "झालं सुरू."

आता बोलून बसले म्हटल्यावर थांबता येतंय होय? पायरीवर उंचावरून मगामागून मग ओतत राहिले. खांदा भरून आला, तसा हात बदलला. लेक बाहेर आली, बापाकडे बघितलं, आणि दुसरी बादली भरून आणली. मग रोज दुपारी हेच चाललं. तिला झोप लागली की दोघं टेकायची, तिने कूस बदलली की पुन्हा सुरू.

एका दुपारी मिस्त्री ओल्या बाह्यांनी तिच्या उशाशी बसले. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दुखतोय ना? अहो, कारंजं कधी दम खातं का? मिस्त्रीची बायको आहे मी. पाणी मारल्याचा आवाज मला कळत नाही?"

मिस्त्रींचे डोळे भरले. "मग बोलली का नाहीस?"

"जन्मात पहिल्यांदा खोटं बोललात, आणि तेही धड जमलं नाही." ती हसली. हसताना तिला धाप लागली. "जा, ओता अजून थोडं. आता थांबू नका."

ते गेले आणि ओतत राहिले. लेकीने खिडकीतून हाक मारली, तेव्हाही मग हातातच होता.

नातेवाईक पांगल्यावरही मिस्त्रींनी कुंडाला पाणी मारायचं सोडलं नाही. पूर्ण मुदत भरू दिली. मगच कुंड काठोकाठ भरलं, पंप बसवला आणि बटण दाबलं. एक थेंब झिरपला नाही. पाणी पायरीवरून एकसारखं, दम न खाता पडायला लागलं.

मिस्त्रींनी जरा वेळ ऐकलं आणि बटण बंद केलं.

"का हो बाबा? इतकं छान चाललंय."

"हा आवाज तिने कुठे ऐकलाय?" ते म्हणाले, आणि कोपऱ्यातला मग आणायला उठले.