न निघालेला डाग

सातवीच्या विज्ञानाच्या तासाला मी गाळण कागदाच्या पट्टीवर काळ्या शाईचा ठिपका देऊन ती पाण्यात उभी केली होती. शाईतले रंग सुटे होऊन वर चढू लागले. घंटा झाली, वर्ग धाडधाड बाहेर पळाला. एक मुलगी मात्र टेबलावर हनुवटी टेकून तिथेच राहिली. घरी जायचं नाही का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "थांबा ना बाई, जांभळा अजून पोचला नाही." तेव्हा ती पहिल्यांदा माझ्या नजरेत भरली. मुलं तिला 'बघी' म्हणत.

बघीच्या आईचं कपडे धुण्याचं दुकान होतं. हट्टी डाग काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. शाई, गंज, तेल, प्रत्येकाला वेगळं औषध, वेगळं फडकं. शाळेतून आली की बघी तिच्या टेबलाशी बसून डाग विरताना बघायची.

मोठेपणी ती सिनेमे करू लागली, तेही कॅमेऱ्याशिवाय. भंगारातून कोरी, पारदर्शक फिल्म आणायची, तिच्यावर शाई आणि गंजाचं पाणी लावायची, ओलसर डब्यात ठेवून बुरशी धरू द्यायची. एकदा जुना प्रोजेक्टर घेऊन आली आणि माझ्या भिंतीवर तिने ते दाखवलं. डाग उगवत होते, एकमेकांना गिळत होते. मला त्यातलं फारसं कळलं नाही, पण नजर हलवता येईना. हे कुठून शिकलीस, म्हटलं.

"तुमची पट्टी आणि आईचं टेबल. आई जे काढते ते मी ठेवते."

आई मात्र गिऱ्हाइकांना हसत सांगायची, की जन्म गेला डाग काढण्यात आणि पोटी आली ही डाग पाडणारी.

बारा मिनिटांच्या एका सिनेमाला दोन वर्षं गेली. मोबाइलवर टिपलेला त्याचा तुकडा पाहून एका महोत्सवाने पूर्ण सिनेमा मागवला. तिचं काम कोणी मागावं, हे पहिल्यांदाच घडत होतं. प्रत एकच. दुसऱ्या दिवशी तिची नक्कल काढून घ्यायची होती. न्यायला चांगला डबा हवा, म्हणून बघी सकाळीच गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली.

आईने रीळ उघडून पाहिलं. बुरशीने माखलेलं. पोरीचं काम असं मोठ्या लोकांपुढे जाणार? तिने दुकान बंद केलं आणि मऊ फडक्याने, हात-हातभर पुढे सरकत, सगळी फिल्म पुसून काढली. बघी परतली तेव्हा ती कपड्यांच्या दोऱ्यांवर चिमट्यांनी अडकवलेली, काचेसारखी लख्ख होती. आईची बोटं सोलवटली होती.

"शेवटाकडे एक डाग राहिला बघ," आई ओशाळून म्हणाली. "काही केल्या निघेना."

बघी दोऱ्यांखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. मग म्हणाली, "छान निघालंय, आई."

हे तिने मला आठवड्याने सांगितलं. पुन्हा कर, असं मी म्हटलं. शिक्षकाला दुसरं काय सुचणार. "बाई, बुरशी पुन्हा तशीच येत नसते," एवढंच ती बोलली. महोत्सवाला तिने काहीच पाठवलं नाही. घरी सांगितलं, त्यांना पसंत पडला नाही.

त्याला सहा वर्षं झाली. आई भेटली की अजून मला बाजूला घेऊन विचारते, त्या एका डागापायीच पोरीचं काम नाकारलं ना? मी नाही म्हणते. तिला पटत नाही.

बघी आता चौतीस वर्षांची आहे. ती आईच्या दुकानात बसते आणि आलेल्या कपड्यांना नंबरांच्या चिठ्ठ्या टाचते.